सुजेचा फोटो

बायको गेली तेव्हा तिचा अकोल्याचा रिपोर्ट कपाटातच होता. अँजिओग्राफी करून डॉक्टर म्हणाले होते, एका नसेत चाळीस टक्के अडथळा आहे, घाबरण्यासारखं काही नाही. मी तिला जीपमधून दर्यापूरला आणत होतो. वाटेत ती म्हणाली, "छातीत जड वाटून राह्यलं."

मी म्हटलं, "एवढा मोठा डॉक्टर काई नाई म्हणते, अन् तुह्यच चालू हाय."

पाच महिन्यांनी एका सकाळी ज्वारी निवडता निवडता ती सुपावरच आडवी झाली.

मी जन्मभर दर्यापूर-अमरावती सवारीची जीप चालवली. कापसाचे भाव पडले त्या सालांत सगळे बुडाले, पण माझी जीप भरलेली असायची. अर्धे दवाखान्यात चाललेले, अर्धे मौतीला. म्हणून मला वाटायचं, दवाखान्याचं आपल्याला कळतं. काही कळत नव्हतं.

वर्षभरात माझीही छाती भरून यायला लागली. अमरावतीला तीच तपासणी, तोच आकडा. मी डॉक्टरला सांगितलं, "चाळीसवालीले मी जाळून आलो साहेब. मले चाळीस सांगू नका."

पोरगेलासा डॉक्टर, पण रागावला नाही. म्हणाला, नस किती अरुंद झाली एवढंच त्या तपासणीत दिसतं. आतला चरबीचा थर सुजलेला असला तर तो लहान असूनही फुटतो, अन् माणूस जातो. ती सूज दाखवणारा एक फोटो निघतो.

"मंग तिचा काहून नाई काढला?"

"सगळ्यांचा काढत नाहीत, काका."

मी तयार झालो. मला माझ्यापेक्षा तिचंच जाणून घ्यायचं होतं. तेव्हा कोणी नीट पाहिलं असतं तर दिसलं असतं का, की मीच तिला गप्प बसवून मारलं?

त्या फोटोचे नखरे फार, कागदावर लिहूनच दिलेले. आदल्या दिवशी भाकर नाही, भात नाही, फळ नाही, साखर तर नाहीच. अंडी, मटण, तूप खा, अन् संध्याकाळपासून नुसतं पाणी. दहा वर्षं डॉक्टरांनी तेल-तूप सोडा म्हणून डोकं खाल्लं, आता हे. मी अमरावतीत साळीकडे, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीकडे उतरलो. ती म्हणाली, "सोमवारी माह्या घरात मटण नाई शिजत, भाऊजी." अंडी तिनं अंगणात विटा मांडून उकडली. मी ती भाकरीशिवाय गिळली.

सकाळी चपला घातल्या, तर साळी दारात उभी. "हात करा पुढं." मी केला. तिनं तळहातावर दही-साखर ठेवली, मी चाटली. चाळीस वर्षं बायको असंच द्यायची. चांगल्या कामाला निघालं की हात आपोआप पुढे होतो.

तपासणीच्या ठिकाणी पोरीनं विचारलं, "आजोबा, सकाळपासून काही खाल्लं?"

"नाई. दही-साखर तेवढी. ते काई खाणं हाय का?"

तिनं पेन खाली ठेवला. म्हणाली, सुईतून देतो ते औषधही साखरेसारखंच. सुजेच्या जागी ते गोळा होतं अन् ती जागा फोटोत चमकते. पण पोटात साखर गेली की सगळं हृदयच ते ओढून घेतं, सगळंच चमकतं, अन् सूज दिसत नाही. पुढच्या मंगळवारी या.

घरी येऊन मी साळीवर तोंड सोडलं. ती म्हणाली, "ताई देत होती म्हणून देल्ली. मले काय माहीत तुमच्या मशिनीचं." अन् रडायला लागली. वाचलेला कागद खिशात माझ्या होता, शिव्या तिला.

दुसऱ्या खेपेला ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. फोटो नीट निघाला. डॉक्टरनं पडद्यावर दाखवलं, डावीकडच्या नसेत एक ठिपका पेटलेला. "बरं झालं आधीच कळलं," तो म्हणाला. "गोळी वाढवतो. सूज उतरू शकते."

मी म्हटलं, "माह्यं राहू द्या. हेच तिचं केलं असतं तर दिसलं असतं का?"

तो म्हणाला, "कदाचित. तिचं हृदय पाहिल्याशिवाय मी हो म्हणू शकत नाही, नाहीही म्हणू शकत नाही."

एवढ्या मोठ्या मशीनचं एवढंच उत्तर. माझा संताप झाला, पण माणूस खोटं बोलला नाही. मी गोळ्यांची चिठ्ठी घेतली, अन् तिनं वाटेत काय सांगितलं होतं, मी काय बोललो होतो, ते त्याला सगळं सांगितलं. तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं.