ओहोटीला सोडलेलं गवत

कमळमावशी आमच्या दारात टोपली उतरवते ती पाठ भिंतीला लावूनच. मागून कुणी काही उचलेल हा तिचा कायमचा धसका. चहा दिला तर आधी कपात डोकावते आणि विचारते, "साखर टाकलीस, का नुसता डबा दाखवलास?" इतकी वर्षं मी तिच्याकडून खुबे, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या शिंपल्या, घेते, पण माझ्यावर तिचा विश्वास अजून बसायचाच आहे. भिवंडीत संशयी माणसं काही कमी नाहीत. पण इतक्या निष्ठेनं संशय घेणारी ही एकच.

ती जवळच्या पूर्णा गावची. शेतं होती तिथं आता गोदामं आहेत आणि तिचा मुलगा मनोज त्यांच्या भाड्यावर निवांत आहे. आईनं आता चिखलात उतरू नये असं त्याला वाटतं. ती उतरते. खाडीत तिचा एक पट्टा आहे, सासूनं दिलेला, कोपऱ्यांवर खुंट मारलेला. ओहोटीचं पाणी गुडघ्याखाली गेलं की ती अनवाणी आत शिरते. तळव्यानं चिखल चाचपते आणि खुबा लागला की पायाच्या बोटांनीच वर ओढते. "जमीन मनोजची, गोदाम शेठचा. ह्यो पट्टा तेवढा माझा," असं ती म्हणते. आणि पट्ट्याचा कायदा गावात सगळे पाळतात: मालकिणीनं हाक दिल्याशिवाय दुसरीच्या खुंटाच्या आत पाऊल टाकायचं नाही.

त्या पट्ट्यात एका हिवाळ्यात गवत दिसलं. पाण्याखाली वाढणारं, आखूड रुंद पात्यांचं, कुणी कधी न पाहिलेलं. बघता बघता त्याची चटई झाली. गाळ पात्यांत अडकून बसू लागला, खाली मुळांचं जाळं झालं आणि खुबे त्याच्याखाली गुदमरून मरू लागले. तळव्याला चिखल लागेना, नुसती मुळं लागायची. कमळमावशीची टोपली अर्धी यायला लागली आणि नंतर तर जेमतेम तिचा तळ झाकला जायचा.

आता हे गवत आपोआप आलं असेल, हे मावशीच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आधी तिनं गोदामवाल्यांना धरलं. तळ घट्ट करायचा आणि मग भराव टाकायचा, असा त्यांचा डाव. मग रेतीच्या बोटीवाल्यांना. शेवटी तिची नजर शेजारच्या पट्ट्यावर गेली. तो धाकट्या जावेचा, हौसाचा. समुद्राच्या बाजूला असूनही त्यात गवताचं एक पातं नव्हतं.

"माझेच पट्ट्यात कसा आला गं बाय? तिचेत न्हाय, माझेतच?" तिनं मला विचारलं. "पाणी मुरतंय कुठंतरी. हौसानंच टाकलाय."

मी म्हटलं, "अहो मावशी, जाऊ आहे तुमची."

"म्हणून तर!"

त्याच आठवड्यात हौसाच्या घरी हळद होती. गावातल्या हळदीला न जाणं म्हणजे तोंडावर थुंकणंच. मावशी गेली नाही. उलट तिनं कोयता घेतला आणि पट्टा कापायला लागली. कापलेलं गवत काठावर आणायची ती नाही. ओहोट लागली की पाण्यावर सोडून द्यायची, म्हणजे ते वाहत थेट हौसाच्या पट्ट्यात. "जिचा तिला परत," असं मला सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मला मुळीच आवडला नाही.

हौसाची नात मृणाली मुंबईत समुद्री जीवांचा अभ्यास करते. सुट्टीत आली तेव्हा तिनं मावशीच्या पट्ट्यातलं ते गवत हातात घेऊन पाहिलं. मावशीला म्हणाली, "आजी, हे इथलं वाटत नाही. नक्की कुठलं ते तपासावं लागेल. नांगराला, जाळ्याला चिकटून आलं असेल. पण कापून पाण्यात सोडू नका. यातला तुकडा न् तुकडा रुजतो. मुळासकट काढा आणि उन्हात वाळवा."

"आजीनंच शिकवून धाडली हिला," मावशी मला म्हणाली. पण त्या दिवशी तिनं चहाच्या कपात डोकावून पाहिलं नाही. काहीतरी लागलं होतं तिला.

पुढचं मृणालीनं सांगितलं. ती काठावर उभी होती. मोठी ओहोटी होती. कमळमावशी आपला पट्टा ओलांडून हौसाच्या खुंटापाशी गेली. आत हिरवंगार गवत, तिच्या पट्ट्याहून दाट. ती आत शिरली, हाक नसताना. वाकली आणि मुळं उपटून टोपलीत भरायला लागली.

हौसा धावत आली. "काय चोरतंस गं?"

"चोरीत न्हाय," मावशी खाली मान घालून म्हणाली. "तुझे पट्ट्यात ह्यो गवत मीच धाडलाय. ओहोटीला सोडत व्हतू."

मृणालीला वाटलं, आता भांडण पेटणार. हौसा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी बी भरतीला तुला परत सोडत व्हतू."

दोघींनी मान वर करून पाहिलं. त्यांच्या चारी बाजूंना, पार पलीकडच्या काठापर्यंत, गवतच गवत होतं. मग हौसानं पदर खोचला आणि जावेच्या शेजारी वाकली. बराच वेळ मुळं उपटल्यावर कमळमावशीच्या हाताला एक खुबा लागला. उघडा होता, आत नुसता गाळ. तिनं तो धुतला, हौसाच्या हातात दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणावर आळ न घेता रडली.