पदरात पडलेला मका

देवीला मी उघडपणे कधी काही बोलले नाही, पण मनात एक प्रश्न वर्षानुवर्षं कुरतडत होता. दर मंगळवारी तिच्या दारात मी जायची, उपास मी धरायची, आणि ओटी भरली जायची ती माझ्या धाकट्या जावेची, सुनंदाची. हे गेल्यापासून घरात हळदीकुंकू असलं की मी आतल्या खोलीत बसून बाहेरच्या बांगड्या ऐकायची. सुनंदा स्वभावाने वाईट असती तर बरं झालं असतं, निदान रागाला कारण मिळालं असतं. पण ती अकोटची, मोकळ्या मनाची, साऱ्यांना हवीशी. मी आतून जळायची आणि ते दिसू नये म्हणून तिच्याशी जास्तच गोड बोलायची.

पेरू देशाच्या सहलीलाही मी गेले ती दिरांच्या गुडघ्यांनी ऐनवेळी दगा दिला म्हणून, त्यांच्या रिकाम्या जागेवर. निघताना अमरावतीच्या घरी शेजारणींनी सुनंदाची ओटी भरली. माझ्या तळहातावर दही ठेवलं. तेही आंबट होतं.

कुस्को गाव इतक्या उंचावर, की चार पावलं चाललं तरी धाप लागायची. साडीवर स्वेटर, पायात बूट, अशी मी सगळ्यांच्या मागे रखडत होते. गाइड इन्का लोकांच्या भिंती दाखवत होता. चुना न लावता दगडाला दगड असा बसवलेला, की मधे सुई शिरू नये. सूर्याच्या देवळात एके काळी सोन्याची कणसं होती म्हणे. मग संग्रहालयात काचेमागे एक बाई दिसली. शेकडो वर्षांपूर्वी मेलेली, कापडात गुंडाळून गुडघे पोटाशी घेऊन बसवलेली, आणि मांडीशी मक्याची कणसं. माझ्या मनात आलं, मेल्यावरही हिची ओटी भरलेली. मग माझीच मला लाज वाटली. मी चक्क एका प्रेतावर जळत होते.

तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. सुनंदाने मला धरून बाहेर अंगणातल्या पायरीवर बसवलं, गाइड ऑक्सिजन आणायला धावला. श्वास छातीत उतरेना. आई, एवढ्या लांब आणून टाकू नकोस, एवढंच मी म्हणाले.

कोपऱ्यात भाजलेला मका विकत बसलेली एक म्हातारी उठून आली. डोक्यावर टोपी, पाठीवर दोन वेण्या. तिने कसलासा पाला तळहातावर चोळून माझ्या नाकाशी धरला. तिखट, गार वास होता. हळूहळू छाती मोकळी झाली. मग तिने टोपलीतून मूठभर मक्याचे दाणे घेतले, दुसऱ्या हाताने माझा पदर पसरला आणि त्यात ओतले. खा, अशी खूण केली आणि जागेवर जाऊन बसली.

सुनंदा बघतच राहिली. "बाई, तुमची ओटी भरली तिनं."

मला रडू आवरेना. ती माझ्यासमोर खाली बसली आणि तिने ओढणी पसरली. "आता माही भरा. मले तुमच्या हातची कधीच नाही भेटली."

"अगं, माझ्या हातची चालत नाही."

"त्या म्हातारीले इचारलं काय तुमी, नवरा हाये का म्हणून?"

खरं सांगते, माझी मूठ उघडेना. इतक्या वर्षांनी माझ्या वाट्याला काही आलं, तर त्यातही हिला वाटा हवा. पण तिची ओढणी तशीच पसरलेली होती. ही बाई माझ्याकडे इतकी वर्षं काय मागत होती, ते मला तेव्हा कळलं. मी तिची ओटी भरली.

आता हळदीकुंकवाला मी बाहेरच्या खोलीत बसते. काही बायका कुजबुजतात, कुजबुजोत. पदर पसरावा एवढंच आपल्या हाती, भरायला कोणाला पाठवायचं ते देवीचं तिने बघावं. दाणे देवघरात दोन वाट्यांत ठेवलेत. सुनंदाच्या वाटीत माझ्यापेक्षा थोडे जास्त पडलेत, असं मला अजून वाटतं. तेवढं देवीने पोटात घालावं.