रडल्याचा दाखला

फौजदार मॅडमची कुणी स्तुती केली की त्या दोन पावलं मागं सरत. साडी छान आहे असं म्हटलं तरी डोळे बारीक करून विचारत, "काऊन? काय काम हाय?" कपाटाला कुलूप लावून त्या घरी निघत, फाटकापर्यंत जात आणि कुलूप नीट लागलं की नाही हे ओढून बघायला परत येत. कँटीनचा चहा आधी हुंगत, मगच ओठाला लावत. त्यांना एक चांगलं सरळ आडनाव होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. सारं केंद्र त्यांना फौजदार मॅडम म्हणे, आणि हे त्यांना माहीत होतं.

आमचं निर्मिती केंद्र वर्ध्याच्या बाहेर, नालवाडी ओलांडल्यावर. शेती, आरोग्य, शिक्षण असल्या विषयांवरचे कार्यक्रम आम्ही तयार करत असू. मी तिथं कंत्राटावर निर्मिती सहायक म्हणून लागले तेव्हा मॅडम प्रिव्ह्यू पाहत. म्हणजे तयार झालेला प्रत्येक कार्यक्रम बाहेर जाण्याआधी त्या एका अंधाऱ्या खोलीत बसून बघत आणि पटला तरच मंजूर करत. ज्यानं कार्यक्रम केला त्यानं शेजारी बसायचं. "थांबव. मागं घे," एवढं त्या म्हणाल्या की भलेभले खुर्चीत सावरून बसत.

त्यांची शंका वाया जात नसे, हीच तर पंचाईत होती. एकदा कापूस वेचणीच्या कार्यक्रमात वेचणारीच्या कमरेची ओटी टम्म फुगलेली दिसत होती. मॅडम म्हणाल्या, "थांबव. ओटी भरली, अन् मागची झाडं त तशीच पांढरी हायेत. हिनं वेचला कुठला?" आमचे कॅमेरामन सुधीरभाऊ यांनी चित्र छान दिसावं म्हणून त्या ओटीत रिकामी पोती कोंबली होती. दुसऱ्या एका कंत्राटी मुलानं तर आपल्या सख्ख्या मामालाच प्रगत शेतकरी म्हणून उभं केलं. बैलानं मान हलवली तसा हा प्रगत शेतकरी दचकून बाजूला झाला, आणि मॅडमनी तिथंच मामाचं बिंग फोडलं. त्या मुलाचं कंत्राट पुढं वाढलं नाही.

तेव्हापासून आम्ही सगळेच त्यांच्यावर नजर ठेवून होतो. त्या संचालकांच्या खोलीत गेल्या की आज कुणाचं नाव सांगितलं असेल, याची कुजबुज चाले. त्या कँटीनमध्ये आल्या की गप्पा बंद पडत. आपल्याबद्दलच बोलणं चाललं होतं असं त्यांना वाटे, आणि खरंच त्यांच्याबद्दलच चाललेलं असे.

माझ्यावर पाळी आली ती अंजनाबाईंच्या मुलाखतीमुळे. अंजनाबाई समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या वस्तीतून शिकून मास्तरीण झालेली पहिली बाई. बोलता बोलता त्यांनी थोरल्या बहिणीची गोष्ट सांगितली. दोघींना शाळेची हौस, पण घरात पाटी एकच. थोरलीनं ती धाकटीच्या हातात दिली आणि स्वतः आईबरोबर शेतात निंदणाला गेली, ती कायमची. हे सांगताना अंजनाबाईंनी पदर डोळ्याला लावला. नेमका तेव्हाच बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, म्हणून आम्ही तेवढा भाग पुन्हा घेतला. त्या पुन्हा रडल्या.

मॅडम न कापलेलं चित्रीकरणही मागवत. त्या दिवशी त्यांनी दोन्ही खेपा पाहिल्या. मग परत पाहिल्या.

"दोन्ही खेपा 'पाटी' म्हणतानाच पदर डोळ्याले गेला. काऊन?"

"मॅडम, त्या खरंच रडल्या."

"खरं रडू जागा पाहून येत नाई, पोरी. तू सांगतलं का तिले, इथं रड म्हणून?"

मी नाही म्हटलं. त्यांनी सुधीरभाऊंना बोलावलं. चित्रीकरणाच्या वेळी ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी त फोकस पाहून राह्यलो होतो मॅडम. बोलण्याकडं ध्यान नाई देल्लं."

मॅडमनी कार्यक्रम रोखून धरला. माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. मामा उभा करणाऱ्या मुलाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि आता लोक माझ्याकडेही तसेच बघू लागले. कुणी सहज विचारी, "खरंच सांगितलं नव्हतंस ना?" मला इतका संताप येई की उत्तर देताना आवाज कापे, आणि कापऱ्या आवाजामुळं मी आणखीच खोटी वाटे.

अशात मॅडम रजेवर गेल्या. त्या कधी रजा घेत नसत, त्यामुळं साऱ्या केंद्रानं ठरवून टाकलं की त्या नागपूरला वरच्या साहेबांकडे माझी तक्रार घेऊन गेल्या आहेत. मलाही तेच वाटलं. मी टेबलाचा खण आवरला, आणि नोकरी जाणार हे आईला सांगून टाकलं.

मॅडम परत आल्या त्या दिवशी त्यांनी मला प्रिव्ह्यूच्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं. पडद्यावर काहीच नव्हतं, तरी त्या पडद्याकडेच बघत बोलत होत्या.

"समुद्रपूरले गेलती मी. तिथून तुह्या मास्तरीणबाईच्या गावाले. पाणी प्यायले थांबली असं सांगतलं अन् बसली. शाळेच्या गोष्टी काढल्या. कॅमेरा नाई, तू नाई. बाई बोलत गेली. पाटीवर आली, त तसाच पदर डोळ्याले."

मला वाटलं, संपलं.

"मंग डोळे पुसून मले म्हणे, 'तुम्ही त्या टीव्हीवाल्या पोरीच्या हापिसातल्या न? तपासायले आल्या?' माह्याच्यानं नाई म्हणवलं नाई. त म्हणे, 'तपासा बाई. नोकरीले जातीचा दाखला देल्ला. आता दर साली ब्यांकेत जाऊन जिवंत असल्याचा दाखला देतो. रडल्याचाई घेऊन जा.' अन् चहा मांडला तिनं."

मग म्हणाल्या, "तिसऱ्या खेपेले मी रडवलं तिले. चहा हुंगला नाई मी. तसाच पेली."

कार्यक्रम मंजूर झाला. माझं कंत्राटही वाढलं. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही, आणि मागितली असती तर त्यात काय डाव आहे, असं मला वाटलं असतं. त्यांचा संशय काही सुटला नाही. 'आत्ता सकाळ आहे' म्हणणाऱ्या तज्ज्ञाची सावली सकाळचीच आहे का, हे त्या तशाच तपासत राहिल्या. फक्त पडद्यावर कुणी रडू लागलं की त्या खाली मान घालून बसत आणि ते संपल्यावरच वर बघत. मला त्या वेळी त्यांची फार माया वाटे, पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

त्या निवृत्त झाल्या आणि काही काळानं त्यांच्या खुर्चीवर मी आले. आता तर संगणकानं बनवलेले आवाज येतात, चेहरे येतात. कुठंच नसलेला शेतकरी नसलेल्या वावरात उभा राहून झकास बोलतो. मी न कापलेलं चित्रीकरण मागते, मागं घ्यायला लावते. मी कँटीनमध्ये गेले की नव्या मुलांच्या गप्पा थांबतात. त्यांनी मला काय नाव ठेवलंय, ते अजून कळलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात अंजनाबाई गेल्याचं कळलं. पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध रीतीच्या शोकसभेला, मी त्यांच्या गावी गेले. मांडवात, फोटोच्या अगदी जवळ, घरच्या बायकांमध्ये फौजदार मॅडम बसल्या होत्या. केस पांढरेशुभ्र झालेले. त्यांना बघून आनंद व्हायला हवा होता, पण मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की यांना कुणी बोलावलं, आणि यांचं इथं काय काम?

अंजनाबाईंची सून पाणी घेऊन आली. मी हळूच विचारलं तर म्हणाली, "त्या का? त्या त आमच्या घरच्याच हायेत. दर साली येतेत. सासूले दाखल्यासाठी ब्यांकेत त्याच नेत एसटीनं. मंग दोघी दिवसभर ओट्यावर बसून राहेत."

मी मॅडमजवळ गेले. "मॅडम, इतकी वर्षं येताय. मला एकदाही सांगितलं नाहीत."

त्या फोटोकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सांगतलं असतं, त तुले खरं वाटलं असतं?"

मी त्यांच्याच शेजारी बसून काम शिकले होते. "नसतं वाटलं," मी म्हणाले. त्यांनी पाय आखडून घेतले आणि सतरंजीवर मला बसायला जागा करून दिली.