लंबू की पैलवान

आप्पाकाका गेले तेव्हा मी उस्मानपुऱ्यातल्या अभ्यासिकेत होते. फोन बॅगेत, आवाज बंद. बाहेर येऊन पाहिलं तर बाबांचे कॉलवर कॉल... एरवी बाबा एकदा लावून सोडून देतात. सकाळी निघताना काका फाटकापाशी उभे होते. "चाललीस का? जा, जा," म्हणाले. शेवटचं बोलणं एवढंच.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, नोकरीभर फायली सांभाळल्या, कोणावर हात उगारला नाही. पण हेवीवेट बॉक्सिंगचं त्यांना विलक्षण वेड. परदेशी नावं जिभेवर बसत नाहीत म्हणून ते बॉक्सरांची स्वतःच बारशी करत. यंदाच्या मोठ्या लढतीतला उंच विजेता म्हणजे लंबू, आणि त्याच्या ठोशानं आडवा झालेला, रुंद खांद्यांचा तो पैलवान. दोघं पुन्हा लढणार असं जाहीर झालं, त्याच सुमारास माझा सीएच्या अंतिम परीक्षेचा निकाल लागला. नापास. घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. मी मुळात कमी बोलते, त्यात इंग्रजी शाळेमुळे मनातलं मराठीत सांगताना अडखळते. काकांनीही निकालाचा विषय काढला नाही. फक्त चहा घेऊन खोलीत आले आणि म्हणाले, "या वेळी पैलवान जिंकतो बघ. त्यानं लंबूचा मार खाल्लाय, त्याला त्याचा हात ठाऊक हाय. लंबूला काय ठाऊक? हा पडतो कसा, एवढंच!"

मी हसले. पुन्हा परीक्षेला बसायचं तेव्हाच ठरलं.

काका गेल्यावर त्यांचे दोस्त रशीदचाचा घरी येऊन बसले. त्यांचं शहागंजात कापडाचं दुकान आहे. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काका म्हणत होते, पैलवान जिंकणार."

"पैलवान?" चाचा चकित झाले. "ना बेटी. मेरेकू तो लंबूइच बोले. बोले, एक बार गिरा सो फिर गिरता."

त्यानंतर मी उस्मानपुऱ्याच्या अभ्यासिकेत गेलेच नाही. पुस्तक उघडलं की वाटायचं, काकांनी माझी समजूत घातली होती. खरं ते दोस्ताला सांगितलं...

शेवटी लढतीच्या रविवारी सकाळी दुकानात गेले. चाचा गादीवर फोन उभा करून बसले होते. मी अडखळत विचारलं. ते आधी हसले, मग गंभीर झाले.

"अगं, हमारा कायदा था. पहले जो बोला, वो उसका. दूसरेने उलटा लेना. दोनों एकइच बोले तो झगडा कैसा होता? पैलवान मैं बोल चुका था. उनकू लंबू लेनाइच पडा."

"म्हणजे त्यांच्या मनात पैलवानच होता?"

"मन का मेरेकू क्या मालूम? तेरेकू भी वो खुश करने बोले होंगे." त्यांनी फोनचा आवाज वाढवला. "अब तू बोल. कौन?"

मी गादीवर त्यांच्या शेजारी बसले. मग म्हटलं, "पैलवान."

"ठीक. मेरा लंबू," चाचा लगेच म्हणाले.

पैलवान पडला नाही. शेवटच्या फेरीपर्यंत उभा राहिला, आणि गुणांवर हरला. चाचांनी डोळे पुसले. "तेरा काका जीत गया."

"कोणता, चाचा? तुमचा की माझा?"

चाचांनी एक लोड माझ्याकडे सरकवला. लढत बघताना काका याच लोडावर ठोसे मारत. "कितनी बार रुई बदली," चाचा म्हणाले, "गड्ढा वहींच पडता." मी त्यात मूठ ठेवून पाहिली. ठोसे लंबूच्या बाजूनं होते की पैलवानाच्या, हे त्यावरून कळायला मार्ग नव्हता. तिथून मी घरी गेले नाही. उस्मानपुऱ्याची रिक्षा धरली.