खुन्याचं नाव आईकडे

आई चोपड्याला, मी जळगावात. अंतर ते केवढंसं, पण माझं जाणं सणावारीच. त्या रविवारी मात्र फोन आला, "पुस्तकांचं दुकान बंद होतंय, ये लवकर!"

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही आईला बारीक छापील अक्षर झेपेना, म्हणून मी तिला टॅब दिला होता. अक्षर बोटांनी मोठं करायचं आणि वाचायचं. पुस्तकं एका ऑनलाइन दुकानातून घेतलेली. त्या दुकानाने कळवलं होतं, महिनाअखेरीस आम्ही बंद होतोय, आपली पुस्तकं उतरवून घ्या.

जाऊन बघते तर काय, आई जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर स्केचपेनने खरंच पुस्तक उतरवत बसलेली! अर्धवट वाचलेल्या एका खुनाच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण.

"अगं, उतरवून म्हणजे डाउनलोड!" हसून हसून माझी पुरेवाट झाली. "आणि शेवटापासून का?"

"खुनी निसटायला नको. बाकीचं मग बघू."

"म्हणजे तुला कळला खुनी?"

"वाचलं कुठे? नुसतं उतरवलं."

बाकीची पुस्तकं मी टॅबवर घेतली, एकेक प्रत पेन ड्राइव्हवर आणि माझ्या लॅपटॉपवरही टाकली. कादंबरी मात्र जागची हलेना. तिला कुलूप, दुकान चालू असेपर्यंतच उघडणार. मी फोन लावून भांडले. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही पुस्तक नाही, वाचायची परवानगी घेतली होती." माझं डोकंच फिरलं. आईने फोन ओढून घेतला आणि थेट अहिराणीत हक्क सांगितला, "मन्हं पुस्तक शे ते!" पण उपयोग शून्य.

मग दुकान बंद व्हायच्या आत कादंबरी वाचून काढायची आम्हा दोघींची शर्यत लागली. ती टॅबवर, मी तिच्याच खात्यावरून मोबाइलवर, ऑफिसात डबा खाता खाता. शेवटचं प्रकरण तेवढं ठेवून दिलं, ते तर आईने उतरवलेलं होतंच.

दुकान बंद झालं आणि लगेचच्या रविवारी मी चोपड्याला. आई मांडी घालून ऐकायला बसली, मी कॅलेंडरची पानं मोठ्याने वाचू लागले. "खुनी दुसरा कोणी नसून..." पुढे कोरी जागा. पान उलटलं. तिथेही नाव यायला हवं तिथे कोरी जागा!

"आई, हे काय गं?"

पदरात तोंड लपवून ती खुदुखुदु हसत होती. "नाव मन्हाजोडे शे. पुढल्या रविवारी ये, मंग सांगस."

तेव्हापासून मी दर रविवारी चोपड्याला. कादंबरीतला खून डॉक्टरने केला की दिराने, यावर जेवणभर आमचं भांडण. नाव ती अजून सांगत नाही. खरं सांगू? तिने ते सांगूच नये, असं आता मला वाटतं.