मामांनी दाखवलेला टोपी बाजार

गेल्या हिवाळ्यात मी ग्वाल्हेरला गेले ती किल्ल्याचे फोटो काढायला. नवा कॅमेरा होता, चार दिवसांची रजा होती. उतरले मामांकडे, इंदरगंजात. मामांना सहा-सात महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. पाय सुधारला, पण वाचा अडली. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस ‘हो’ आणि ‘नको’वर आला होता. लोकांसमोर तेवढंही बोलायची लाज वाटे, म्हणून त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तशी मामी म्हणाली, “यांना पण घेऊन जा गं. घरात बसून बसून परेशान झालेत.”

“नको,” मामा म्हणाले.

“मग मला रस्ता कोण दाखवणार?”

रस्ता फोन दाखवतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी ते उठले आणि मफलर गुंडाळू लागले.

टोपी बाजारापाशी रिक्षा गर्दीत अडकली, तेव्हा आम्ही उतरून चालू लागलो. ऊन कोवळं आहे तोवर मला किल्ल्यावर पोचायचं होतं. एवढ्यात मामांनी माझी बाही ओढली आणि बोट वर केलं. एका पाटीमागे चिमणीनं घरटं बांधलं होतं, त्यात काड्यांपेक्षा जरीचे धागेच जास्त. मी फोटो काढला. दहा पावलांवर पुन्हा बाही ओढली गेली. कुलपं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याच्या चष्म्याला एका बाजूला काडी, दुसऱ्या बाजूला सुतळी. मग एका कापडाच्या दुकानाचा दगडी उंबरठा, मधोमध वाटीसारखा झिजलेला.

तासाभरात गल्लीचं टोकही आलं नाही. ऊन चढलं. खरं सांगते, मी मनातून वैतागले होते.

मी उंबरठ्याचा फोटो घेत असतानाच आतून पन्नाशीचा दुकानदार बाहेर आला. “अरे मास्साब! आप?” त्यानं वाकून मामांच्या पायांना हात लावला. त्यांचा जुना विद्यार्थी. मामा आखडले. मी त्यांच्या वतीनं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. माझा कॅमेरा घेऊन त्यांनी पडद्यावरचा उंबरठ्याचा फोटो त्याच्यापुढे धरला.

“दे…” ते म्हणाले. मान खाली गेली. पुन्हा वर आली. “देह…”

दुकानदार नुसता उभा राहिला. शब्द पुरा करून द्यायची घाई त्यानं केली नाही. घरी आम्ही सगळे नेमकी तीच घाई करत होतो.

“देहरी,” मामा म्हणाले. “तुम्हारी.”

त्यानं फोटो पाहिला, मग पायाखाली पाहिलं. “रोज़ लाँघता हूँ, मास्साब. कभी देखा ही नहीं!”

मामा हसले. त्यानं स्टुलं मांडली, चहा मागवला. अर्ध्या तासात मामा आणखी पाच-सहा शब्द बोलले. दोन अडले ते अडलेच, पण त्यांनी लाजून मान खाली घातली नाही.

मी किल्ल्यावर गेले ती शेवटच्या दिवशी, दाट धुक्यात. एकही फोटो धड आला नाही. पण तोवर रोज सकाळी मामाच मफलर घेऊन दारात उभे राहू लागले होते.

आता ते रोज बाहेर पडून मामीच्या फोनवर फोटो काढतात. परवा सकाळी मी मामीशी फोनवर बोलत होते, तर मागून मामांचा आवाज आला, “आधी… माझा चष्मा दे. उशीर होतोय.”