मंडपातला निकाल

न्यायाधीशांनी पत्रकारांशी बोलावं की नाही, यावर टीव्हीवर चार शहाणे एकमेकांच्या अंगावर ओरडायला लागले की मी टीव्ही बंद करते. माझं उत्तर ठरलेलं आहे. ते मला भावाच्या मरणानं शिकवलं.

नदीकाठच्या ग्वारीघाटावर गाडीला गाडी घासली, एवढंच निमित्त. तिघांनी त्याला लोखंडी रॉडनं मारलं आणि तो पडल्यावरही मारत राहिले. ओळख पटवायला मला नेलं तेव्हा त्याचा जबडा जागेवर नव्हता. मी त्याला मनगटातल्या कड्यावरून ओळखलं. हे पाहिलेला एकच माणूस कोर्टात उभा राहिला, घाटावर फुलं विकणारा. त्यानं तिघांकडे बोट दाखवून साक्ष दिली तेव्हा आईनं तोंडात पदर कोंबला होता. आता शिक्षा होणारच, असं सरकारी वकीलही म्हणायला लागले.

मग गणपती आले. आमच्या मराठी मंडळाची खोड अशी, की या हिंदी बोलणाऱ्या शहरात कोणी मराठी साहेब बदलून आला की त्याला आरतीला बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं आणि वर दोन शब्द बोलायला लावायचं. त्या वर्षी हा मान आमच्याच खटल्याच्या न्यायाधीशांना मिळाला. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही, उलट आपला माणूस म्हणून सगळ्यांची छाती फुगलेली. आरतीनंतर एका वार्ताहरानं माइक पुढे करून घाटावरच्या खुनाबद्दल विचारलं. साहेब भले गृहस्थ. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “ऐसे दरिंदों के लिए मेरी अदालत में कोई रहम नहीं.” मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. आई रडत रडत टाळ्या वाजवत होती.

आरोपींच्या वकिलाला आयतंच कोलीत मिळालं. साहेबांनी निकाल मंडपातच देऊन टाकला, आता न्याय कसला, असा अर्ज वरच्या कोर्टात गेला. खटला दुसऱ्या न्यायाधीशांकडे गेला आणि तिथे फुलवाल्याला पुन्हा साक्षीला बोलवायची परवानगी मिळाली.

तारखेच्या आधी आरोपींच्या माणसांनी त्याला कांचघर मोहल्ल्यात गाठून त्याच्या उजव्या हाताची बोटं दगडानं ठेचली. पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा हात फडक्यात गुंडाळलेला होता. म्हणाला, “अंधेरा था साहब, मैंने किसी को नहीं देखा.” त्याला मी कधीच दोष दिला नाही.

घरी येऊन आई म्हणाली, “बोलाचंच होतं त निकालात बोलाचं ना त्यानं. पेपरवाल्याजवळ काहून बोलला?”

मला त्या भल्या साहेबांचा गळा आवळावासा वाटत होता. त्यांचं मन मोकळं झालं आणि आमच्या हातातलं होतं तेवढं गेलं.

तिघे सुटले. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांच्या गळ्यात हार पडत होते, ढोल वाजत होता. गर्दीतून एक वार्ताहर आमच्यापर्यंत पोचला आणि त्यानं माइक आईच्या तोंडाशी धरला. “माताजी, कैसा लग रहा है आपको?”

मी तो माइक हिसकावून त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, रक्त आलं. मी पुन्हा हाणला, आणि महिला शिपायांनी मला दंडाला धरून जीपमध्ये कोंबेपर्यंत हाणत राहिले.

भावाच्या या सगळ्या प्रकरणात मारहाणीची शिक्षा झाली ती एकट्या मला.